चौसाळ्याचा चढ कुणी मोजला?

बीडहून सोलापूरच्या वाटेला लागलेली गाडी मांजरसुंब्याचा घाट चढून चौसाळ्याला पोचते, तोवर पाण्याची वाट बदललेली असते. घाटाखालचं पाणी बिंदुसरेतून सिंदफणेला आणि तिथून गोदावरीला जातं. चौसाळ्याच्या शिवारातलं पाणी मात्र दक्षिणेला मांजरेकडे धावतं. मांजराही अखेर गोदावरीलाच मिळते, पण कर्नाटक-तेलंगणातून भलामोठा वळसा घालून. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून ज्या लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, त्या लातूरची तहान याच मांजरेवरच्या धनेगावच्या धरणावर भागते. पाणी दोन दिशांना विभागणारा, बालाघाट डोंगररांगेचा हा माथा नेमका कुठून जातो, हे म्हणूनच महत्त्वाचं.

तो माथा आता घरच्या संगणकावर त्रिमितीत फिरवून पाहता येतो. त्यामागची मोजणी मात्र दोनशे वर्षांहून जुनी आहे.

१८०२ मध्ये विल्यम लॅम्ब्टननं मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं. कोन मोजणारा, अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट माणसांच्या बळावर डोंगरमाथ्यांवर चढवला जाई. निजामाचा मुलूख ओलांडून काम वऱ्हाडाकडे सरकत असताना, १८२३ मध्ये लॅम्ब्टन हिंगणघाटला वारला. उंचीला पाया हवा होता समुद्राचा. तो कराची, मुंबई, कारवार अशा नऊ बंदरांवरच्या भरती-ओहोटीच्या नोंदींतून १९०९ मध्ये ठरला. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांवरच्या तपकिरी समोच्च रेषा याच पायावर उभ्या आहेत. चौसाळा येतं ४७ एन या पत्रकात.

मग फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ यान अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरलं. रडारची एक अँटेना यानात, दुसरी ६० मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला. दोन्हींकडे परतलेल्या लहरींतल्या फरकावरून जमिनीची उंची निघाली. या मोहिमेची ‘एन१८ई०७५’ नावाची फाइल उघडली, की त्यात चौसाळा सापडतं. १८ ते १९ अक्षांश आणि ७५ ते ७६ रेखांश यांमधला हा चौकोन. दर ९० मीटरला एक आकडा देणाऱ्या आवृत्तीत १२०१ ओळी, प्रत्येक ओळीत १२०१ आकडे, म्हणजे एकूण १४,४२,४०१. प्रत्येक आकडा फक्त उंचीचा, मीटरमध्ये. जागा कळते ती त्याच्या क्रमावरून. अधिक बारीक, ३० मीटरची माहिती २०१४ पासून टप्प्याटप्प्यानं खुली झाली.

२०१८ मध्ये आलेल्या, क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरच्या ३.० आवृत्तीत त्रिमिती खिडकी मिळाली आणि या आकड्यांना फुकटात आकार मिळू लागला. खऱ्या प्रमाणात पाहिलं तर निराशा होते. शंभर किलोमीटरांच्या पसाऱ्यात दोन-अडीचशे मीटरांची चढण जवळपास सपाटच दिसते. उंची चौपट-पाचपट केली, की बालाघाट उभा राहतो: उत्तरेला तुटलेली कड, दक्षिणेला मांजरेकडे सावकाश उतरणारं पठार. अशा चित्राखाली उंची किती पट वाढवली ते लिहिलंच पाहिजे, नाहीतर पाहणारा फसतो.

रडारला झाडांचे शेंडे आणि इमारतींची छपरंही जमीनच वाटतात, आणि तीस मीटरच्या चौकटीत पाच मीटरचा ओढा हरवतो. त्यामुळे पाणलोटाचा आराखडा पडद्यावर झाला, तरी डोंगरउतारावर समतल चर आखायला माणसंच जातात. खुणा केलेल्या दोन काठ्यांना पाणी भरलेली पारदर्शक नळी जोडलेली असते. दोन्ही काठ्यांवर पाणी सारख्याच खुणेला आलं, की तिथे फक्की टाकून पुढचा माणूस पुढे सरकतो.