थेंबाथेंबानं भूल

ऑपरेशन ठरलं की आपल्याला कापण्यापेक्षा भुलीचीच धास्ती जास्त. "जाग आलीच नाही तर?" हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. डॉक्टर मंडळीच त्यावर दीडशे वर्षांहून जास्त काळ झगडली, आणि त्यातला एक मोठा वाद आपल्या शेजारीच झाला.

१८४७ साली एडिनबरोत डॉ. सिम्पसन यांनी बाळंतिणींना क्लोरोफॉर्म दिलं. रुमालावर थेंब टाकायचे, नाकाशी धरायचं. वेदना थांबल्या, पण धडधाकट माणसंही कधीकधी टेबलावरच दगावू लागली. आधी श्वास थांबतो की हृदय? हे शोधायला १८८८ आणि १८८९ साली हैदराबादेत दोन आयोग बसले, निजामाच्या खर्चानं. तेव्हा जालना निजामाच्या राज्यात होतं. आपला वऱ्हाड नावाला त्याचा, कारभार इंग्रजांचा. आयोगाचे डॉ. लॉरी म्हणाले, श्वासावर नजर ठेवा, हृदयाची चिंता नको. श्वासाचं खरं होतं. हृदयाचं चुकलं, क्लोरोफॉर्मनं हृदय थेट बंद पडू शकतं, हे १९११ मध्ये डॉ. लेव्ही यांनी दाखवलं.

याच लॉरींच्या हाताखाली रूपाबाई फर्दुनजी भूल द्यायला शिकल्या. १८८५ साली त्यांनी हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत नाव घातलं. जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्या असायला हव्यात.

शिरेतून भूल रुळली ती १९३४ पासून, थायोपेंटोन या औषधानं. मिनिटाच्या आत झोप. पण ते चरबीत साठतं, पुन्हा पुन्हा दिलं तर माणूस तासन्‌तास गुंगीत. मग १९८६ साली प्रोपोफोल बाजारात आलं. हे पाण्यात विरघळत नाही, म्हणून तेलात मिसळतात, आणि ते तेल कशाचं? सोयाबीनचं! आपल्याच शिवारातलं पीक. म्हणून ते दुधासारखं पांढरं दिसतं. शरीर ते लवकर निकाली काढतं, त्यामुळे सतत थोडं थोडं देता येतं.

आता एकदम द्यावं की हळूहळू? एकदम दिलं तर झोप झटकन लागते, पण रक्तदाब घसरतो, श्वास काही वेळ थांबू शकतो. म्हाताऱ्या किंवा अशक्त बाईला हे जड जातं. हळू सोडलं तर औषध कमी लागतं, रक्तदाबही कमी घसरतो. वेळ मात्र जास्त जातो. तातडीचं ऑपरेशन असेल, पोट भरलेलं असेल, तर हळूपणा परवडत नाही. उलटी फुप्फुसात जाऊ शकते, तिथे झटपट भूलच बरी. (सिझेरियनला बहुधा कमरेत देतात, ती भूल वेगळी.)

१९९६ पासून संगणकाचा पंपही आला. वय आणि वजन भरलं की किती औषध सोडायचं याचा हिशेब तो करतो. पंप असो की साधी सिरिंज, भूलतज्ज्ञ वजन विचारतात, शेवटचं कधी खाल्लं तेही विचारतात. लाजेनं वजन कमी सांगू नका, आणि पहाटे घेतलेला चहासुद्धा सांगा.