सोबत आलेले अक्षर

भाड्याचे घर पाहावयास निघालेला गृहस्थ भिंतींचा रंग पाहून खूष होतो. बरोबर आलेली वडीलधारी आत्या मात्र मोरीला उतार आहे का, दिवा ठेवावयास कोनाडा आहे का आणि दोरी बांधावयास खुंटी कोठे आहे, हे आधी विचारते. तिचेच खरे असते. रंग मागाहून देता येतो. कोनाडा मात्र घर बांधणाऱ्याला वेळीच सुचलेला असावा लागतो.

संगणकाच्या घराचा इतिहासही असाच कोनाड्यांचा आणि खुंट्यांचा आहे. फराळाचे ताट थोडे बाजूला सारून वाचकांनी तो ऐकावा, कारण त्याचा एक धागा आमच्या मूर्तिजापूर तालुक्यापर्यंत येऊन पोचतो.

ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने, आपण हौसेखातर एक संगणकप्रणाली रचीत आहोत, असे जाहीर केले. त्या वेळी ‘मिनिक्स’ नावाची एक प्रणाली प्रचारात होती. तीत तुम्हांला काय असावेसे वाटते, असे त्याने लोकांना विचारले. सूचना अवश्य करा, पण त्या पुऱ्या करीनच असे वचन देत नाही, हेही मोकळेपणाने सांगून टाकले. त्यातूनच लिनक्स उभी राहिली. जिचा जन्मच मुळी ‘तुम्हांला काय हवे?’ या प्रश्नाबरोबर झाला, अशी ही प्रणाली.

लिनक्स हा घराचा पाया. त्यावर जो दर्शनी भाग असतो, म्हणजे चित्रे, खिडक्या, कडेची पट्टी, त्याला डेस्कटॉप म्हणतात. आपण त्याला ओसरी म्हणू. १९९६ साली ‘केडीई’ नावाच्या ओसरीची घोषणा झाली आणि १९९७ साली ‘ग्नोम’ची. तेव्हापासून ओसरीत मुळातच काय असावे, यावर जगभर वाद चालू आहेत. एप्रिल २०११ मध्ये ग्नोमचा तिसरा अवतार आला, तेव्हा खिडकी खाली सारून ठेवण्याचे बटण त्यातून काढून टाकलेले होते. रागावलेल्या मंडळींनी जुनी ओसरी उचलून ‘माते’ नावाची वेगळी चूल मांडली. लिनक्स मिंटवाल्यांनी ‘सिनॅमन’ उभी केली. २०१८ मध्ये पडद्यावरच फायली मांडून ठेवण्याची सोयही ग्नोमने काढली आणि पुन्हा कुरबूर झाली. कोणाला नक्कल केलेल्या मजकुराच्या आधीच्या नकला जपून ठेवणारी पेटी हवी असते. केडीईत ती सोबत येते, ग्नोममध्ये बाहेरून जोडावी लागते.

ही भांडणे खोटी नाहीत. परंतु ज्यांच्या घरात अक्षर आधीच पोचले आहे, त्यांची ती भांडणे होत. आम्हां मराठी माणसांची मागणी याहून साधी होती. आमचे अक्षर घरात असावे, एवढीच.

आमच्या प्रांताचे नावच घ्या. ‘वऱ्हाड’ या शब्दातला अर्धा र हा रफार नव्हे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या घळी. ‘आचार्यांना’ बोलावणे वेगळे आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावणे वेगळे. हिंदीला या अर्ध्या र ची गरज पडत नाही. म्हणून देवनागरीची सोय झाली की मराठीची आपोआप होते, असे समजणाऱ्यांच्या घरात वऱ्हाडासाठी कोनाडा राहून जातो.

यंत्राशी हे आमचे भांडण जुने आहे. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरीचे देखणे खिळे पाडले. हाताने जुळणी करणाऱ्याला शेकडो खिळ्यांचे घर परवडत असे. पुढे टंकयंत्र आले. त्याला चाळीस-पंचेचाळीस बटणे आणि प्रत्येकावर दोन खुणा. एवढ्याशा घरात आमचे सारे जोडाक्षरांचे कुटुंब मावणार कसे? काहींना बाहेरच राहावे लागले.

आता मूर्तिजापूरचा धागा. आमच्या तालुक्यात मुरंबा नावाचे खेडे आहे. नाव गोड आणि लौकिकही गोड. डॉ. विजय भटकर यांचा जन्म १९४६ साली तेथे झाला. १९८८ मध्ये पुण्यास ‘सी-डॅक’ ही संस्था निघाली, तिची धुरा प्रथम त्यांच्याकडे आली. १९९१ साली तेथे तयार झालेला ‘परम’ महासंगणक सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच संस्थेत त्याहून कमी गाजलेले आणि आपल्या रोजच्या अधिक उपयोगाचे एक काम झाले. कानपूरच्या आय. आय. टी.त आरंभलेले ‘जिस्ट’ हे तंत्र पुण्यास आले. त्याचे एक कार्ड संगणकात बसविले की, पडद्यावर देवनागरी आणि इतर भारतीय लिप्या उमटू लागत. मोठीच गोष्ट होती ती. तरी इंग्रजी यंत्राबरोबर येई आणि मराठी वेगळी विकत घ्यावी लागे, हे शल्य राहिलेच.

नव्वदीच्या दशकात फाँट पुष्कळ झाले, पण प्रत्येकाचा आतला संकेत निराळा. एका फाँटातला मजकूर दुसऱ्यात उघडला की अक्षरांची भेसळ होई. याचे मर्म मूर्तिजापूरकरांना समजावून सांगावयास नको. यवतमाळ आणि अचलपूरकडून येणारी आमची ‘शकुंतला’ अडीच फुटी रुळांवर धावत असे आणि मुंबईची मोठी गाडी साडेपाच फुटी रुळांवर. मग कापसाच्या गाठी येथे एकीतून उतरवून दुसरीत चढवा! ऑक्टोबर १९९१ मध्ये निघालेल्या ‘युनिकोड’ने जगातील लिप्यांना एकच रूळमाप दिले. त्यातील देवनागरीची मांडणी भारताच्याच ‘इस्की’ संकेतावरून घेतलेली आहे. तरीही मराठीतला ‘ॲ’ स्वतंत्र अक्षर म्हणून त्यात २००८ साली आला आणि मोडी लिपी २०१४ साली.

लिनक्सच्या ओसरीत ही अक्षरे हळूहळू आली. मुंबईच्या ‘एन. सी. एस. टी.’ या सरकारी संस्थेने ‘इंडिक्स’ प्रकल्पात तिला भारतीय लिप्या शिकविल्या. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी तेथे ‘रघु’ हा मुक्त फाँट दिला. २००४ मध्ये ‘रेड हॅट’ कंपनीमार्फत ‘लोहित’ फाँट मोफत खुले झाले; ते घडविणारी मंडळी पुण्याची होती. २००७ मध्ये सी-डॅकने ‘बॉस’ नावाची भारतीय लिनक्स काढली. आणि सप्टेंबर २०१२ मध्ये ग्नोमने निरनिराळ्या लिप्यांत लिहिण्याची योजना बाहेरून न जोडता ओसरीतच बसविली. खिडकीच्या बटणासाठी भांडणाऱ्यांना त्या दिवसाचे महत्त्व कदाचित जाणवलेही नसेल. माझ्या मते ओसरीच्या इतिहासातला तो मोठा दिवस आहे.

तो का, ते मला शाळेत दिसते. मुलांना संगणकाजवळ बसविले की मी त्यांना ‘वऱ्हाड’ लिहावयास सांगतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर इंग्रजी जे च्या जागी र आहे. तेच बटण शिफ्टसह दाबले की ऱ उमटतो, त्यास हलन्त जोडून ह दिला की काम झाले. एकदा खेड्यातून येणारी एक मुलगी बटणांकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “सर, याच्यावर त सारे इंग्रजीच अक्षरं हायेत. आपले काहून नाहीत?” प्रश्न रास्त होता. जे यंत्राबरोबर येते, ते मुलाला जगाचा भाग वाटते. जे शोधून आणून जोडावे लागते, ते परके वाटते. जाणत्या माणसाला अर्ध्या तासात हवी ती सोय जोडता येते. ज्याला ती जोडता येत नाही, त्याच्याकरिताच ती मुळात असावी लागते. तो मनुष्य शेवटी मराठी इंग्रजी अक्षरांत लिहू लागतो आणि पुढे त्यालाही त्याचे काही वाटेनासे होते.

काही कोनाडे अजून राहिले आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिला, तरी पुष्कळ फाँट पहिल्याने हिंदी वळणच दाखवितात. ‘वऱ्हाड’ दोन प्रकारे साठविता येतो: एकात ऱ असतो, दुसऱ्यात साधा र आणि एक अदृश्य खूण. दिसावयास दोन्ही सारखे, पण साध्या शोधात एक घातला तर दुसरा सापडत नाही. शुद्धलेखन तपासणाराही हवा, पण ‘घर’ ओळखणाऱ्याला ‘घरातल्यांनासुद्धा’ ओळखता आले पाहिजे. आमचे प्रत्यय नुसत्या शब्दांच्या यादीत मावत नाहीत.

लिनक्सचा चांगुलपणा असा की, तेथे ‘तुम्हांला काय हवे?’ हा प्रश्न अजून खुला आहे. मागणाऱ्याला दाम मोजावे लागत नाहीत. मागावे मात्र लागते, आणि मराठी माणूस मागावयास संकोचतो. या सुट्टीत ज्यांच्या घरी संगणक असेल, त्यांनी मुलांना जवळ बसवून आपल्या गावाचे, आपल्या आजीचे नाव त्यावर मराठीत लिहून पाहावे. जेथे हात अडेल, तेथे कोनाडा राहिला आहे असे समजावे आणि घर बांधणाऱ्याला तसे कळवावे.