स्थलांतरित कीर्तन : बेने इस्राएल समाजाची मराठी

कीर्तन या प्रकाराचा विचार आपल्याकडे बहुधा वारकरी व नारदीय परंपरांच्या मर्यादेतच होतो. नगरच्या अभ्यासकाला ना. वा. टिळकांच्या ख्रिस्ती भजन-कीर्तनांमुळे ही मर्यादा अपुरी वाटते. बेने इस्राएल समाजाचे उदाहरण ती मोडूनच काढते.

1880 च्या सुमारास मुंबईत या समाजाने कीर्तन स्वीकारले. आकृतिबंध हिंदू परंपरेचा, आख्याने मात्र योसेफ, मोशे यांची. हिब्रू न जाणणाऱ्या श्रोत्यांना स्वधर्म मराठीतून कळू लागला. 1948 नंतर समाजातील बहुसंख्य लोक टप्प्याटप्प्याने इस्राएलला गेले. तेथे विवाहसंबंधांवरून त्यांच्या ज्यूपणाविषयीच शंका घेतली गेली. तिच्या निरसनासाठी 1964 पर्यंत झगडावे लागले. हिब्रू व्यवहारभाषा झाली आणि मराठीचे कार्य पालटले : पूर्वी जी भाषा ज्यू असण्याचा अर्थ सांगत होती, ती आता कोकणातून आल्याची खूण ठरली. स्त्रियांनी गायिलेल्या कीर्तनपदांत आणि तेथून निघणाऱ्या ‘मायबोली’ या मराठी नियतकालिकात हे कार्यांतर दिसते.

तेव्हा प्रश्न केवळ उपेक्षेचा नाही. प्रदेश आणि पंथ यांच्या चौकटींत रचलेल्या आपल्या वाङ्मयेतिहासाला अशा संहिता वाचण्याची पद्धतच अद्याप घडवावयाची आहे. आणि मराठी जाणणारी पिढी मागे पडत असता त्यासाठी अवधी फार नाही.