टाकलेले आणि टिकलेले

उज्जयिनीत रेल्वेने उतरलेल्या आपल्या वाडवडिलांना शहराची पहिली ओळख बहुधा देवास गेटच्या परिसरातच झाली असावी. स्थानक जवळ, बसगाड्यांचा अड्डा तेथेच, आणि आपल्या कित्येक घरांतील मुले ज्या माधव महाविद्यालयात शिकली तेही दीर्घकाळ तेथेच होते. या गजबजाटात पायांखाली काय येते? तिकिटाचा कपटा, फुटके कुल्हड, तुटलेला चपलेचा अंगठा, सुकलेला हार. अशा वस्तूंत चित्र पाहणारा एक थोर कलावंत आपल्याच माळव्यात, मराठी घरात होऊन गेला, याचे स्मरण आम्हांस येथे करावयाचे आहे. त्याबरोबर एका धोक्याकडेही लक्ष वेधावयाचे आहे.

छायाचित्रणाचा आरंभ साध्या वस्तूंपासूनच झाला. १८३० नंतरच्या दशकात इंग्लंडात टॅलबट यांनी चांदीच्या क्षारांचा लेप दिलेल्या कागदावर झाडाची पाने व लेसचे तुकडे ठेवून उन्हात त्यांचे ठसे घेतले. पुढे कॅमेरा दरबारी झाला. १८६६ साली इंदुरास बांधकाम खात्यात रुजू झालेले राजा दीनदयाळ १८७४ च्या सुमारास छायाचित्रणाकडे वळले, आणि त्यांच्या कॅमेऱ्यासमोर राजेरजवाडे, राजवाडे व प्राचीन वास्तू आल्या. या कलेची नजर पुन्हा जमिनीकडे वळावयास काळ जावा लागला. १९७२ साली अर्व्हिंग पेन यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरची सिगारेटची थोटके गोळा करून त्यांची छायाचित्रे घेतली व ती प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातूच्या प्रक्रियेने छापली. १९७५ साली ती तेथील आधुनिक कलेच्या संग्रहालयात मांडली गेली.

आपले विष्णू चिंचाळकर मात्र कॅमेरा न घेताच त्या वाटेवर होते. त्यांचा जन्म १९१७ साली आलोटचा. आलोट तेव्हा देवासच्या थोरल्या पातीत होते. इंदुरास द. दा. देवळालीकर यांच्या ज्या परंपरेतून बेंद्रे व हुसेन पुढे आले, तिच्यातच चिंचाळकर घडले. व्यक्तिचित्रे व निसर्गचित्रे यांत हात बसलेला असताना ते वाळकी पाने, झाडाची साल, काटक्या, मोडक्या वस्तू यांकडे वळले. वस्तूला शक्य तितका कमी हात लावावयाचा आणि तिच्यात आधीच दडलेला चेहरा वा पक्षी पाहणाऱ्यास दाखवून द्यावयाचा, ही त्यांची रीत. ‘खुलते अक्षर खिलते अंक’ या त्यांच्या हिंदी पुस्तकात तीच दृष्टी अक्षरांना व अंकांना लाभली आहे. कुमार गंधर्व, राहुल बारपुते, बाबा डिके या स्नेह्यांच्या मेळ्यातले हे ‘गुरुजी’ २००० साली निवर्तले.

आता धोक्याविषयी. दिल्लीत विवान सुंदरम यांनी ‘ट्रॅश’ या मालिकेसाठी कचऱ्याचे एक अख्खे शहर रचून त्याची छायाचित्रे घेतली, ती २००८ साली प्रदर्शित झाली. ब्राझीलचे विक मुनीझ यांनी रिओच्या कचरा डेपोवर कचरा वेचणाऱ्यांची चित्रे त्याच कचऱ्यातून जमिनीवर मांडली व उंचावरून टिपली. ‘वेस्ट लँड’ या २०१० च्या चित्रपटात ती कहाणी आहे. या दोघांची रचना मोडली तरी कलाकृती उरते, कारण छायाचित्र हीच त्यांची कलाकृती. गुरुजींच्या रचनेत पान हेच चित्र होते, आणि वाळके पान अखेर चुरा होते. तेव्हा एखाद्या बैठकीत, शिबिरात वा घरच्या ओसरीवर कोणी सहज घेतलेले छायाचित्र हाच त्या रचनेचा पुरावा ठरतो.

अशी छायाचित्रे असलीच तर ती आपल्यासारख्यांच्या ट्रंकांतच असणार. जुन्या घराच्या वाटण्या होतात, भांडी मोजून घेतली जातात, आणि कागदांची पेटी वजनावर कबाड्याकडे जाते. हा अपराध आमच्या हातूनही घडला आहे. पेटी गेल्यावर कळले की तीत निगेटिव्हची पाकिटे होती. टाकाऊत चित्र पाहावयास शिकविणाऱ्या गुरुजींच्या मुलखात आम्ही चित्रच टाकाऊ ठरविले.

म्हणून आमचे वाचकांस एवढेच मागणे आहे. ट्रंक रिकामी करण्यापूर्वी घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ बसावे. प्रत्येक छायाचित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने नाव, गाव व साल लिहावे. ज्यात माणूस दिसत नाही, नुसते पान किंवा काटकी दिसते, ते निरर्थक समजून बाजूस सारू नये. ते आधी पाहावे.