लांबीवर बंधन, उंचीला मोकळीक : वॅगन-आरचा डबा कसा घडला

भारतातील रस्त्यांवर आज सर्रास दिसणाऱ्या वॅगन-आरचे खोक्यासारखे रूप एखाद्या चित्रकाराच्या कल्पनेतून उतरले असावे, असे तिच्याकडे पाहून कोणी म्हणणार नाही. ते उतरले जपानच्या कायद्यातून.

दुसऱ्या महायुद्धानंतर सामान्य जपानी कुटुंबाला परवडेल असे वाहन मिळावे, म्हणून तेथील शासनाने ‘केई’ म्हणजे हलक्या मोटारींचा स्वतंत्र वर्ग निर्माण केला. कर कमी आणि अनेक ठिकाणी वाहनतळाच्या दाखल्यातूनही सूट. अट एकच, की इंजिन आणि आकार ठरलेल्या मापात बसला पाहिजे. १९५५ मध्ये इंजिनाची मर्यादा ३६० घन सेंटिमीटर होती, १९७६ मध्ये ती ५५० झाली आणि १९९० मध्ये ६६०. त्या वर्षीच्या नियमानुसार लांबी ३.३० मीटर आणि रुंदी १.४० मीटर यांपलीकडे जाता येत नव्हते. उंचीची मर्यादा मात्र २ मीटर होती. मालवाहू व्हॅन ही उंची वापरत. प्रवासी मोटारी बहुधा १.४ मीटरच्या आसपासच थांबत. ठेंगणी मोटार म्हणजे डौलदार मोटार, हा समज त्यामागे होता.

आणखी एक धागा कराचा आहे. १९७९ ची सुझुकी आल्टो ४ लाख ७० हजार येनांना विकली जाई, कारण कागदोपत्री ती मालवाहू वाहन होती आणि प्रवासी मोटारींवरील वस्तुकर तिला लागत नसे. १९८९ मध्ये हा वस्तुकर रद्द होऊन सरसकट ३ टक्के उपभोगकर आला. मालवाहू म्हणून नोंद करण्याचा मोठा लाभ संपला आणि अस्सल प्रवासी केई मोटारीचा विचार नव्याने सुरू झाला.

उंच केई ही कल्पना तशी अपूर्व नव्हती. होंडाची लाइफ स्टेप व्हॅन १९७२ मध्येच येऊन गेली होती आणि मित्सुबिशीने १९९० मध्ये मिनिका टोप्पोचे छत उंच केले होते. सप्टेंबर १९९३ मध्ये आलेल्या वॅगन-आरचे वेगळेपण असे, की तिच्यात छताबरोबर माणसाची बैठकही वर आली. सतरंजीवर पाय पसरून बसलेला माणूस जमिनीची जितकी लांबी अडवतो, त्याहून स्टुलावर बसलेला कितीतरी कमी अडवतो. आसन उंचावले की पोटऱ्या उभ्या राहतात, पाठ ताठ होते आणि तेवढ्याच लांबीत मागच्या प्रवाशाच्या गुडघ्यांना जागा मिळते. सुमारे १.६४ मीटर उंचीच्या या मोटारीने ही साधी भूमिती वापरली. खर्च आवरण्यासाठी सुटे भाग कंपनीच्या इतर छोट्या मोटारींचेच घेतले. पहिल्या आवृत्तीत चालकाच्या बाजूला एकच दरवाजा होता आणि पदपथाच्या बाजूला दोन. हे आज विचित्र वाटले तरी त्यामागचा हिशेब रोखठोक होता.

भौतिकशास्त्र अर्थातच फुकट काही देत नाही. समोरचे क्षेत्रफळ वाढले की हवेचा रोधही वाढतो. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ताशी ४० किलोमीटरवरून ८० वर गेल्यास ती आठपट होते. शहरी वेगात हा दंड नगण्य, महामार्गावर मात्र जाणवणारा. उंचावलेला गुरुत्वमध्य आणि आडव्या वाऱ्याचा धक्का हे तोटेही आलेच. तरीही जपानी ग्राहकाने हा सौदा पत्करला. १९९५ मध्ये डायहात्सूची मूव्ह आणि १९९७ मध्ये होंडाची नवी लाइफ त्याच वाटेने आल्या.

भारतात उंच मोटारीची ओळख आधी करून दिली ती १९९८ च्या ह्युंदाई सँट्रोने. वॅगन-आर डिसेंबर १९९९ मध्ये आली. येथे केईचे बंधन नव्हते, म्हणून तिला १,०६१ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरी इंजिन मिळाले. पण जी उंची जपानमध्ये कायद्यातून वाट काढण्यासाठी वापरली होती, ती येथे वेगळ्याच कारणांनी उपयोगी पडली. साडी नेसलेल्या किंवा गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीला मारुती ८०० मध्ये वाकून खाली बसावे लागे. येथे नुसते सरकून बसता येई. पुढे सीएनजीची जोड मिळाली आणि टॅक्सीचालकांनीही तिला आपलेसे केले. २०२४-२५ या आर्थिक वर्षात ती देशातील सर्वाधिक विकली गेलेली प्रवासी मोटार होती.

या लोकप्रियतेमुळेच पुढील नोंद अधिक गंभीर ठरते. भारतीय वॅगन-आरला ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत २०१९ मध्ये प्रौढांच्या सुरक्षेसाठी दोन तारे मिळाले, तर अधिक कडक निकषांच्या २०२३ च्या चाचणीत एकच. मुलांच्या सुरक्षेसाठी तर शून्य. तिचा सांगाडा अस्थिर ठरवला गेला. हा दोष खोक्याच्या आकाराचा नव्हे. उंच मोटारही भक्कम बांधता येते. प्रश्न पोलादाचा, जोडणीचा आणि किमतीचा आहे. २०२५ मध्ये तिच्या सर्व आवृत्त्यांत सहा एअरबॅग आल्या, पण सांगाडा चिरडला जात असेल तर एअरबॅगचा उपयोग मर्यादितच राहतो.