मावळचं नाव आणि पाण्याच्या आया

मावळ म्हटलं की आपल्याला आधी शिवरायांचे मावळे आठवतात. पण हे नाव त्याच्या कितीतरी आधीचं आहे. कार्ल्याच्या लेण्यांत सातवाहनांच्या काळातला शिलालेख आहे. त्यात या भागाला ‘मामालाहार’ म्हटलंय.

आता एक गणितज्ञ ऐका. दामोदर धर्मानंद कोसंबी. राहायचे पुण्यात, नोकरी मुंबईत आणि फिरायचे मावळात, पायी. तिथे त्यांना ‘मावलाया’ भेटल्या. या पाण्याच्या देवी. एकटी कधीच नसते, कायम घोळक्यानं. १९६२ साली ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या पुस्तकात त्यांनी मांडलं की मावळ हे नाव या देवींशीच जोडलेलं आहे. म्हणजे बघा, अख्ख्या मुलखाला पाण्याच्या आयांचं नाव!

साती आसरा तर तुमच्या गावीही असतील. विहिरीशी नाहीतर डोहाच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड. खणानारळानं ओटी भरायची, आणि भलत्या वेळी पाण्यात उतरायचं नाही. माया होती तसा धाकही होता. पण त्यामुळे माणूस पाण्याला ओळखून होता.

मग नळ आला. बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरला, ते उत्तमच झालं. पण काठावर जायचं कारणही संपलं. पिंपरी-चिंचवडला मावळातल्याच पवना धरणाचं पाणी येतं. किती जणांनी ती नदी जवळून पाहिलीय?

देव माना, नका मानू. आपल्या नळाचं पाणी कुठून येतं ते शोधा आणि एकदा तिथे जाऊन या. काठावर शेंदराचे दगड दिसले तर आम्हाला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!