घरून काम : सवलत नव्हे, हक्काचा अपुरा राहिलेला लढा

गरोदर बाई घरून काम करू द्या म्हणते, तेव्हा ऐकावं लागतं, "तुझ्या बाळंतपणाचा भार कंपनीने का उचलायचा?" हा सवाल नवा नाही. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयक आलं, तेव्हाही वाद खर्चाचाच होता.

बाबासाहेबांनी विधेयकाला पाठिंबा देताना भूमिका स्पष्ट मांडली : बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून मोठा वाटा सरकारने उचलावा. पण मालकही सुटत नाही, कारण बायकांना कामावर ठेवण्यात त्याचा फायदा असतो. १९२९ साली मुंबई प्रांताचा कायदा झाला. पुढे मजूर मंत्री म्हणून त्यांनी १९४३ मध्ये खाणकामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती मांडली. संविधानाच्या कलम ४२ ने प्रसूती साहाय्याची तरतूद करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली.

जयंतीला "२६ आठवड्यांची रजा बाबासाहेबांनी दिली" असे मेसेज फिरतात. ते खरं नाही. केंद्राचा कायदा १९६१ चा, २६ आठवडे २०१७ च्या दुरुस्तीने आले. बाबासाहेबांनी दिला तो युक्तिवाद, आणि तोच आज जास्त कामाचा आहे.

२०१७ च्याच दुरुस्तीत घरून कामाची तरतूद आली. ती नीट वाचा. कामाचं स्वरूप तसं असेल तर, प्रसूती रजा संपल्यानंतर, आणि मालक व स्त्री यांच्यात ठरेल त्या अटींवर. म्हणजे गरोदरपणात घरून काम मागण्याचा थेट हक्क तिथे नाही. रजेनंतरही मालक "नाही" म्हणू शकतो. १९६१ च्या कायद्यात वेगळा आधार होता : प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या सहा आठवड्यांच्याही अगोदरच्या एका महिन्यात, स्त्रीने मागणी केल्यास तिला कष्टाचं किंवा तासन्‌तास उभं राहण्याचं काम देता येत नाही. दोन्ही तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहेत. म्हणून ताईंनो, मागणी तोंडी करू नका. डॉक्टरांचं पत्र जोडून लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

पण आपल्या चळवळीने इथेच थांबू नये. लॅपटॉपवालीला घरून काम मागता तरी येतं. झाडू मारणारी, धुणीभांडी करणारी, वीटभट्टीवरची आपली बहीण काय मागणार? तिचं काम घरी नेता येत नाही, आणि घरी बसली तर त्या दिवसाची मजुरी बुडते. खर्च एकट्या मालकावर टाकला की तो बाईला कामावर घ्यायलाच कचरतो. त्यावरचं उत्तर १९२८ च्या भाषणातच आहे : मोठा वाटा सरकारचा. ही मागणी रेटणं आपलं काम आहे.

जय भीम!